तीन दिवस बारा फिल्म की एकच संध्याकाळ?

प्रश्न: आमचा मित्रांचा ग्रुप आहे, तालुक्याचं गाव. १० डिसेंबरला मानवी हक्क दिन असतो म्हणून तीन दिवसांचा फिल्म फेस्टिवल करायचं चाललंय, १२ फिल्म काढल्यात, बऱ्याचशा परदेशी. पण एकजण म्हणतो सेन्सॉरचं लफडं होईल, दुसरा म्हणतो येऊन येऊन नेहमीचेच चाळीस डोके येणार. करावं का? – एक वाचक, बार्शी

उत्तर: करा की, पण १२ नको. मी असले दोन फेस्टिवल केलेत, तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये आम्ही आणि प्रोजेक्टरवाला एवढेच उरलो होतो.

आधी सेन्सॉरचं बघू. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं जाहीर दाखवायच्या फिल्मला सर्टिफिकेट लागतं आणि फेस्टिवलवाले त्यातून सूट मिळावी म्हणून केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याकडं अर्ज करतात. ही भानगड जुनीच आहे. २००४च्या मिफसाठी, म्हणजे मुंबईच्या सरकारी डॉक्युमेंटरी फेस्टिवलसाठी, भारतीय डॉक्युमेंटरींना सर्टिफिकेट हवंच असा नियम काढला, फिल्मवाले पेटले, नियम मागं घेतला, पण मग निवडीतच बऱ्याच अडचणीच्या फिल्म गळल्या. तेव्हा या लोकांनी रडत न बसता तिथंच प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात स्वतःचा फेस्टिवल लावला, नाव 'विकल्प'. गुजरात दंगलीवरची राकेश शर्मांची 'फायनल सोल्यूशन' मिफनं नाकारली होती आणि त्याच महिन्यात तिला बर्लिनला बक्षीस मिळालं, पुढं सेन्सॉरनं बंदी घातली तर हे लोक कॉपी काढा आणि वाटा म्हणून सीडी देत सुटले, शेवटी त्याच वर्षी बंदी उठली. तुम्हाला पहिल्याच खेपेला एवढी कुस्ती कशाला? सर्टिफिकेट असलेली फिल्म घ्या आणि निर्मात्याची लेखी परवानगी काढा, घरातल्या ओटीटीच्या अकाउंटवरून गावाला दाखवायची परवानगी मिळत नसते.

आता त्या चाळीस डोक्यांचं. तुमचा मित्र बरोबर बोलतोय, पण त्यात चूक फिल्मची नसते, आपण बोलावतो कुणाला त्याची असते. मी तुमच्या जागी असतो तर एकच फिल्म लावली असती, चैतन्य ताम्हाणेंची 'कोर्ट'. दोन तासांच्या आत संपते आणि बरीचशी मराठीत आहे. एका लोकशाहिरावर खटला चालतो, का तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला असा आरोप. त्यात त्या कामगाराची बायको साक्ष देते, एकदम सपाट आवाजात, की नवरा उतरायच्या आधी गटारात खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, मग उतरायचा. ना म्युझिक ना रडारड. तेवढ्या सीनसाठी तुमच्या नगरपालिकेच्या सफाई कामगारांना, खास करून कंत्राटावरच्यांना, बायकापोरांसकट बोलवा, आणि पत्रिका व्हॉट्सॅपवर टाकून मोकळं होऊ नका, वस्तीत जाऊन सांगा.

फिल्म संपली की पाहुण्याचं भाषण नको, तिथंच एक साधा कागद वाटा. २०१३च्या कायद्यानं सेफ्टीच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवता येत नाही, आणि उतरवलेला माणूस गेला तर घरच्यांना ३० लाख द्यायचे हे सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३मध्ये सांगितलंय, आधी १० होते. हे कित्येक घरांत माहीतच नसतं हो. त्यावर लोक बोलायला लागले की फेस्टिवल सुरू झाला समजा.

वस्तीतले लोक लांबलचक डॉक्युमेंटरी बघत नाहीत असंही धरून चालू नका. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' तीन तासांच्या वर आहे, १९९७ला मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांनी दलितांवर केलेल्या गोळीबारापासून सुरू होते, आणि ती चाळीत, वस्तीत पडदा लावून दाखवली तेव्हा माणसं बसून राहिली, कारण त्यात त्यांचीच गाणी होती. ती पुढच्या वर्षी ठेवा.

पडद्याचं तेवढं बघा. आम्ही चादर बांधली होती आणि शेजारी स्टँडचा पंखा, पडद्यावरच्या सगळ्यांची तोंडं दोन तास वाकडीतिकडी होत होती, आणि पंखा बंद केला की मागून शिव्या.