सासूबाईंची साक्ष आणि माझा मंगळवार

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी ऐरोलीला राहते, माहेर राहुरीकडचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये इकडे सासूबाई आणि तिकडे माझा धाकटा भाऊ एकाच आठवड्यात कोविडने अॅडमिट झाले. चर्चच्या मंडळीने व्हॉट्सअॅपवर प्रार्थनेची साखळी लावली होती, माझा तास रात्री दोन ते तीनचा, आणि मी दोघांसाठी सारखंच मागितलं, खरंच सारखंच. सासूबाई अकराव्या दिवशी घरी आल्या. भाऊ गेला. ३८ वर्षांचा होता, त्याची मुलगी तेव्हा पहिलीत.

तेव्हापासून दर एप्रिलला सासूबाई चर्चमध्ये उभ्या राहून साक्ष देतात, प्रभूने माझी प्रार्थना ऐकली, मला मरणाच्या दारातून परत आणलं. सगळे हालेलुया म्हणतात आणि मी खाली बघून पर्सची चेन उघडबंद करत बसते. घरी रोज रात्री नऊला प्रार्थना असते, प्रत्येकाचा वार ठरलेला, मंगळवार माझा. तोंडाने शब्द येतात पण आत काहीच हलत नाही. मध्ये मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, तुमच्या माहेरच्यांचा विश्वास कमी पडला असेल. आता माझी मुलगी चौदाची आहे, दृढीकरणाच्या (मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीच्या) क्लासला जाते, तिने परवा विचारलं, मम्मी, आजीचं ऐकलं मग मामाचं का नाही? मी म्हटलं, थांब, कुकर लावायचाय. मी ढोंगी आहे का हो? मंगळवार सोडून देऊ का? नवऱ्याला यातलं काही बोलले नाहीये.
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : जय ख्रिस्त. आधी त्या ‘विश्वास कमी पडला’वाल्या बाईंचं उरकून घेते कारण मला राग आलाय. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं मेली त्याचं बोलणं आहे. ती माणसं बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला, असं येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. पुढे पश्चात्ताप करा म्हणतो ते ऐकत बसलेल्या जिवंत माणसांना, मेलेल्यांना नाही. त्या बाईंशी वाद घालू नका, पण त्यांचं वाक्य घरात ठेवूनही घेऊ नका.

आता मुलीचा प्रश्न. आज रात्री बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ काढा. संडे स्कूलमध्ये आपण पोरांना यातली येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटला ती गोष्ट सांगतो, देवदूत आला, बेड्या गळून पडल्या, लोखंडी दरवाजा आपोआप उघडला, मुलं चित्रंबित्रं रंगवतात. पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात हेरोद राजाने याकोब या दुसऱ्या शिष्याला तलवारीने मारलं हे एका ओळीत उरकलंय, आणि याकोब कोण, तर योहानाचा भाऊ. मी कितीदा वाचला असेल हा अध्याय पण तुमचं पत्र आल्यावर त्या ‘भाऊ’वर अडकले. राजा तोच, मंडळी तीच, एक सुटला आणि एक गेला, आणि का ते लिहिलेलंच नाही. हे पुस्तकही लूकनेच लिहिलं, त्याला दोन वाक्यं घालून गोष्ट गोड करता आली असती, त्याने केली नाही.

पुढे तर गंमतच आहे. पेत्र सुटून येतो, दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी आत पळत येऊन सांगते पेत्र आलाय, आणि आत त्याच्याचसाठी प्रार्थना करत बसलेली माणसं तिला म्हणतात, तू वेडी आहेस. म्हणजे प्रार्थना जोरात चालू होती आणि ती ऐकली जाईल असं कोणाला वाटतच नव्हतं. त्यांना कोणी ढोंगी म्हटलेलं नाही, मग मी तुम्हाला कशी म्हणू.

मंगळवार सोडू नका. फक्त मनची प्रार्थना करायचं काही दिवस बंद करा, बायबलमधलं स्तोत्र वाचा. तेरावं घ्या, ‘किती वेळ’ असं देवाला विचारतच सुरू होतं. शेवटची आनंदाची वचनं तोंडात येत नसतील तर चौथ्या वचनाला थांबा, आमेन म्हणा. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, कोणीतरी ते तसंच पुस्तकात राहू दिलं.

माझंच सांगते. वडील गेल्यावर वर्षभर मी रविवारी उपासनेच्या वेळात तलावपाळीला फेऱ्या मारायचे आणि घरी येऊन सांगायचे चर्चला जाऊन आले. एकदा आईने विचारलं, आज संदेश कशावर होता? मी काहीतरी ठोकून दिलं. ती म्हणाली, बरं, आणि ओढणीवर चटणी सांडलीय ती धुवायला टाक. तिला पहिल्या रविवारपासून माहीत होतं!

म्हणून म्हणते, घरातल्यांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळत असतं. पण सासूबाईंना हे मात्र कळलेलं नसावं. तुमचं अर्धं पत्र देवाबद्दल आहे आणि अर्धं त्यांच्याबद्दल, आणि मला वाटतं ही दुसरी गाठ आधी सुटेल. साक्ष देऊ नका असं त्यांना सांगू नका. त्या खरंच मरणाच्या दारातून आल्यात, आभार मानायचा त्यांना हक्क आहे. एवढंच मागा की आई, पुढच्या एप्रिलला उभ्या राहाल तेव्हा माझ्या भावाचंही नाव घ्याल का. सगळ्यांसमोर नको, दोघी मेथी निवडत बसाल तेव्हा. कदाचित त्या रडतील, कदाचित ‘प्रभूची इच्छा’ म्हणून विषय बंद करतील, तयारी ठेवा. तसं झालं तरी तुम्ही बोललेलं राहील.

नवऱ्याला मात्र त्याच्याही आधी सांगा. विश्वासात दोघं एकाच पायरीवर असलीच पाहिजेत असं काही नाही. आपल्या कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, त्यांना पटल्यावर. तुमच्या राहुरीत राहिलेली माणसं ती.

मुलीला सांगा, मला माहीत नाही, मलाही राग येतो. हे ऐकून तिचा विश्वास जाईल असं वाटत असेल तर कुकरच्या उत्तराने तो टिकणार आहे का? दृढीकरणाला ‘होय’ तिला स्वतःच्या तोंडाने म्हणायचंय, तेव्हा हाच प्रश्न पाळकसाहेबांना क्लासमध्ये विचार म्हणावं.

आणि एक राहिलं, भाची. ती आता बऱ्यापैकी मोठी झाली असेल. मे महिन्याच्या सुट्टीत तिला ऐरोलीला घेऊन या, तिचे पप्पा लहानपणी काय काय उद्योग करायचे ते आत्याशिवाय कोण सांगणार तिला. सासूबाईही तिथेच बसलेल्या असू देत.