सूरत तीच, माणूस दुसरा

"डोक्याला मार लागल्यापासून हे पहिल्यासारखे राहिले नाहीत, आता हा माणूस आमचाच समजायचा का?" यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. मोटारसायकलचा अपघात, डोक्यावर हेल्मेट नाही, मग काही आठवडे नागपूरच्या मेडिकलला नाहीतर सेवाग्रामला. जीव वाचतो, टाके सुकतात, माणूस स्वतःच्या पायांनी घरी येतो. गाव पेढे वाटून मोकळं होतं. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो.

इथे सांगते ती एका कास्तकाराच्या घरची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्याची बायको एकटीच आली होती. म्हणाली, "मरता मरता वाचले, देवाची किरपा. पण ताई, सूरत तेवढी त्याइची हाय, आतला मानूस दुसराच वाटते. असा इचार येते म्हून मले पाप लागन का?"

चाळिशीचा हा माणूस अपघाताआधी गावात शांत म्हणून ओळखला जायचा. डवरणीच्या घाईतही त्याने बैलावर कधी काठी उगारली नव्हती. आता भाजीत मीठ कमी पडलं तरी आईसमोर शिव्या. कोणी उठवलं नाही तर दुपारपर्यंत ओट्यावर नुसता बसून. आई तापाने फणफणलेली असताना त्याने साधं विचारलंसुद्धा नाही. कृषी केंद्रातून गरज नसलेल्या औषधांचे डबे उधारीवर आणले. मात्र तीन हंगामांपूर्वी कापूस काय भावाने विकला, हे त्याला तोंडपाठ! म्हणूनच त्याला आजार आहे यावर घरात कोणाचा विश्वास बसेना. भाऊ म्हणायचा, "सारं तं आठवते त्याले, हे सोंग हाय." शेजारणींना यात बाहेरचं दिसत होतं.

आठवण शाबूत असली की मेंदू बरा झाला, असं आपण धरून चालतो. पण कवटीचा आतला तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो आणि अपघाताच्या हिसक्याने मेंदूचा पुढचा भाग त्यावर घासला, आदळला जातो. राग आवरणं, कामाला आपणहून हात घालणं, समोरच्याचं दुःख जाणवणं, ही कामं बरीचशी याच भागाची. बैल धडधाकट असावेत आणि कासरा मात्र हातातून सुटलेला असावा, तशी ही अवस्था. ओट्यावरचं ते बसून राहणंही आळसाचं नव्हतं. काम सुरू करण्याची जी ठिणगी आतून पडावी लागते, तीच पडत नव्हती.

तिच्या मनात आलेल्या विचारात पाप नव्हतं, आणि ते मी तिला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या संशोधकांनी 2015 साली मेंदूच्या आजारांत रुग्ण सांभाळणाऱ्या नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसती आठवण गेली तर नातेवाइकांना माणूस तितका परका वाटत नव्हता. माया, प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कदर हे बदललं की "हा तो नव्हेच" असं वाटत होतं. माझ्या समोर बसणाऱ्या बायका वेगळं काही सांगत नाहीत. नवरा जिवंत, म्हणून रडायची सोय नाही. पण काहीतरी गेलेलं असतं. ती त्या दिवशी पोटभर रडली, मी थांबवलं नाही.

त्याच्याशी बोलणं जास्त अवघड होतं. स्वतःतला बदल स्वतःलाच न दिसणं हाही या इजेचा भाग असू शकतो. तो मला शांतपणे म्हणाला, "मले काय झालं? हेच बदलले सारे. बायको तं माह्यावर पाळत ठेवते." मी वाद घातला नाही. बैलांबद्दल विचारत राहिले. पुढच्या एका भेटीत तो आपणहून बोलला, "ढवळ्या मले पाहून मागं सरकते. म्या त्याले मारलं वाटते." बायको महिनोनमहिने जे सांगत होती, ते त्याने बैलाकडून ऐकलं. तिथून आमचं काम सुरू झालं.

काम म्हणजे दिवस बांधून देणं. सकाळी ढोरांचं वैरण-पाणी, मग भावासोबत वावरात एकच काम, ते संपल्याशिवाय दुसरं नाही. दुपारी झोप, कारण थकलेल्या मेंदूला राग लवकर येतो. आठवडी बाजाराच्या गर्दीत नेणं काही महिने बंद. पैशाचा व्यवहार बायकोकडे. मुलीने हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं. भावाला मी मेंदूच्या फोटोचा रिपोर्ट समजावून दिला, तेव्हा कुठे सोंगाची भाषा थांबली.

अशा दिनक्रमावर माझा भरवसा आहे. 1848 साली अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या कवटीतून लोखंडी कांब आरपार गेली. तो वाचला, पण "हा आमचा गेज नाही," असं त्याचे सोबती म्हणू लागले. बहुतेकांना गोष्ट इथवरच माहीत असते. पुढे तो चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, आणि रोजच्या ठरलेल्या कामाने त्याचं वागणं बरंच सावरलं असावं, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घरात ठासून सांगते. राग इजेमुळे येतो हे खरं, पण म्हणून मार सहन करायचा नाही. हात उगारला की मुलांना घेऊन दिराच्या घरी जायचं, हे आम्ही त्याच्यासमोरच ठरवलं.

आज तो पूर्वीसारखा झालेला नाही. शिव्या कमी झाल्या, कामाला हाक मारावी लागतेच. बायको म्हणते, "पह्यलेचे थे आता येनार नाही, समजलं मले. ह्याइची सवय होऊन राह्यली."

तुमच्या घरी असं असेल तर डॉक्टरांना फिट (आकडी) आणि अंगातली ताकद एवढ्यापुरतं न सांगता स्वभावातला बदलही सांगा. फिटच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ लेव्हेटिरासिटॅमने, चिडचिड वाढू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बदलून मिळते का ते विचारा. दारू पूर्ण बंद, कारण दारूने फिट येण्याचा धोका वाढतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या किंवा गुंगी आली, तर थेट दवाखाना गाठा. आणि सांभाळणाऱ्या माणसालाच बोलायचं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.