पोरगं आत नुसतं खेळतं, मग थेरपी कुठे झाली?

प्रश्न : ताई, माझा मुलगा 8 वर्षांचा, तिसरीत आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो, युनिफॉर्म घातला की रडारड, कधी कधी उलटी पण. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, सोनोग्राफी नॉर्मल आली, त्यांनीच थेरपीला पाठवलं. तिथल्या थेरपिस्ट मॅडमनी पहिल्यांदा आम्हा दोघांनाच बोलावलं आणि माझ्या बाळंतपणापासून सगळं विचारलं, त्यानंतर तो एकटा आत जातो आणि खेळतो. काय केलं विचारलं तर म्हणतो "क्ले केली". मॅडम पण फार काही सांगत नाहीत, आणि आता म्हणतायत पुढच्या वेळी सासूबाईंना पण घेऊन या. मिस्टर म्हणतात त्रास त्याला होतोय तर सगळ्या घराची वरात कशाला? चाललंय ते बरोबर आहे का?
– एक आई, नाशिक

उत्तर : चाललंय ते बरोबर चाललंय, आणि तुमची घालमेलही मला कळते, कारण फी भरून मूल 45 मिनिटं आत सोडायचं आणि ते हाताला क्ले लावून बाहेर येतं तेव्हा कुठल्याही आईला वाटणारच की हे तर घरीही झालं असतं.

आधी पोटदुखीचं. ती नाटक नाहीये. टेस्ट नॉर्मल आल्या की घरात लगेच "बघ, काही झालेलं नाही तुला" सुरू होतं, पण भीतीने पोटात खरंच कळ येते, खरंच उलटी होते, मोठ्यांना नाही का इंटरव्ह्यूच्या दिवशी सारखं बाथरूमला जावं लागत. रविवारी आणि सुट्टीत दुखतं का, शाळेची वेळ टळून गेल्यावर थांबतं का, एवढं वहीत लिहून ठेवा आणि मॅडमना दाखवा, त्यांना त्याचा खूप उपयोग होईल.

आता खेळ. 8 वर्षांच्या मुलाला "तुला कशाची भीती वाटते?" विचारलं तर "माहीत नाही" हेच येणार, आणि ते खरं असतं, त्याला शब्दात सांगताच येत नाही. म्हणून त्या खोलीत बाहुलीघर असतं, वाळू, क्ले, प्राणी, रंग असतात. एक मूल डोळ्यासमोर आणा. ते बाहुलीघर मांडतं, आईची बाहुली पलंगावर आडवी ठेवतं, मुलाची बाहुली शाळेत नेतं आणि लगेच परत आणून दारात उभी करतं, पुन्हा शाळेत, पुन्हा दारात, असं करतच राहतं. थेरपिस्ट तिथे "असं का केलंस?" विचारत नाही, ती फक्त म्हणते, "हा सारखा घरी बघायला येतोय." आणि मूल खाली मान घालून म्हणतं, "आई पडली तर?" मग पालकांना विचारल्यावर कळतं की सुट्टीत आईला चक्कर येऊन ॲडमिट केलं होतं आणि मुलाला कोणी काही सांगितलंच नव्हतं, लहान आहे म्हणून. तुमच्याकडे असंच असेल असं अजिबात नाही, कारण वर्गातली चिडवाचिडवी असू शकते, वाचायला जड जात असेल, नवीन बाईंची भीती असेल. पण हे शोधायला वेळ लागतो आणि मुलाचा त्या माणसावर विश्वास बसावा लागतो, तीन-चार भेटी तर त्यातच जातात.

मॅडम सांगत नाहीत तेही याच्यासाठीच. मुलाला कळलं की इथलं सगळं घरी पोचतं, तर तो गप्प होईल. पण तुम्हाला अंधारात ठेवणं हाही नियम नाही हं. कशावर काम चाललंय, घरी काय बदलायचं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यासाठी पालकांची वेगळी वेळ मागा. आणि मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी त्याला त्रास देत असेल तर थेरपिस्टला ते लपवून ठेवताच येत नाही, लैंगिक अत्याचाराची तर पोक्सो कायद्याखाली, 2012 चा कायदा आहे हा, तक्रार करावीच लागते.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबवून देते कारण बहुतेक घरं इथेच अडतात. 1960 च्या आसपास साल्वादोर मिनुचिन नावाचे डॉक्टर न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक या निवासी शाळेतल्या मुलांवर काम करत होते. मुलं तिथे सुधारायची, घरी परत गेली की गाडी मूळ पदावर. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या कुटुंबालाच एकत्र बसवून काम सुरू केलं, फॅमिली थेरपी पुढे ज्या कामातून वाढली त्यातलं हे एक महत्त्वाचं. यात दोष कोणाचा हे काढत नाहीत. तुमच्या घरातली सकाळच घ्या, साधारण अशी असेल समजा : तो रडतो, आजी म्हणते राहू दे आजचा दिवस, बाबा आवाज चढवतात, तुम्ही दोघांच्या मध्ये सापडता, शेवटी तो घरी राहतो, दहा वाजता पोट थांबतं, मग मोबाईल आणि आजीच्या हातचा शिरा. सगळे प्रेमानेच वागतायत, पण घरी राहिलं की सुटका होते एवढंच तो शिकतोय. म्हणून मॅडम सगळ्यांना बसवून विचारतील की तो रडला की पहिलं कोण उठतं, मग बाबा काय करतात, तेव्हा आजी कुठे असते. आणि मग सगळ्यांनी मिळून एकच ठरवायचं. बहुतेक वेळा पायऱ्या करतात, आधी नुसतं गेटपर्यंत, मग लायब्ररीत बसणं, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, वर्गशिक्षिकेलाही यात घेतात. आजीने एक दिवस शिरा केला की चार दिवसांचं काम मागे जातं, म्हणून त्यांना बोलवायचं. सासूबाईंना "तुमच्यामुळे झालं" असं चुकूनही म्हणू नका, "त्याला तुमचीच मदत लागणारे" म्हणा, येतील त्या.

आणि घरी राहण्याची सवय मोडायला जितका उशीर तितकं जड जातं, त्यामुळे मध्येच सोडू नका.

प्रश्न : थेरपी म्हणजे गोळ्या चालू होणार का? आणि दर आठवड्याची फी परवडत नसेल तर?
– एक बाबा, लातूर

उत्तर : गोळ्या फक्त डॉक्टर लिहू शकतात, सहसा सायकिॲट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट नाही. लहान मुलांच्या भीतीसाठी सहसा आधी थेरपीच करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, रजिस्ट्रेशन नंबर विचारा आणि मुलांसोबत किती काम केलंय तेही विचारा, यात लाजायचं काही नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे का ते बघा, शिवाय टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलीला रात्री झोप येत नाही म्हणून थेरपीला न्यायचंय, काय सांगून नेऊ? फिरायला जातोय सांगू का?
– एक आई, पनवेल

उत्तर : नको, खोटं सांगून नेलं तर पहिल्याच दिवशी विश्वास जातो. "तुला रात्री झोप येत नाही ना, त्यावर मदत करणाऱ्या एक ताई आहेत, तिथे खेळतात, बोलतात, इंजेक्शन नसतं," एवढं पुरे. आणि बाहेर आल्या आल्या चौकशी करू नका, भूक लागलीय का विचारा.