वाचकांचे प्रश्न : पॉवरपॉइंटमधील ॲनिमेशन बंद पडते तेव्हा

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जलचक्रावर पॉवरपॉइंटमध्ये १४ स्लाइड तयार केल्या होत्या. शाळेतील जुन्या संगणकावर त्या फार अडखळू लागल्या, तेव्हा एका सहकाऱ्यांनी कोठलेसे सेटिंग बदलून तास निभावून नेला. तेव्हापासून घरच्या लॅपटॉपवरही वाफेचे बाण, ढग आणि पावसाच्या धारा स्लाइड उघडताच एकदम दिसतात. काहीच हलत नाही. ऑफिस काढून पुन्हा टाकले, तरी फरक पडला नाही.
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ऑफिस पुन्हा टाकण्याचे तुमचे कष्ट वाया गेले याचे वाईट वाटते, कारण बिघाड तेथे नव्हताच. अशा वेळी दोष फाइलमध्ये आहे की संगणकात, हे आधी ठरवावे. त्यासाठी एक कोरी फाइल उघडून तीत एक वर्तुळ काढावे, त्याला ‘फ्लाय इन’ हे ॲनिमेशन द्यावे आणि एफ५ दाबावे. वर्तुळ सहज सरकत आले, तर संगणक आणि सॉफ्टवेअर दोन्ही ठीक आहेत व दोष तुमच्या फाइलमध्ये आहे, असे समजण्यास हरकत नाही.

तुमच्या वर्णनावरून ‘स्लाइड शो’ टॅबमधील ‘सेट अप स्लाइड शो’ या चौकटीत ‘शो विदाउट ॲनिमेशन’ या पर्यायापुढे खूण केली गेली असावी. ही खूण संगणकात नव्हे, तर फाइलमध्येच साठवली जाते. म्हणूनच पेनड्राइव्हबरोबर ती घरी आली आणि ऑफिस नव्याने टाकल्यावरही टिकून राहिली. खूण काढून फाइल सेव्ह करावी. तुम्ही दिलेली ॲनिमेशन पुसली गेलेली नाहीत, ती पुन्हा चालू लागतील.

मात्र तेवढ्याने शाळेतील अडखळणे थांबणार नाही, आणि मुलांच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. मोबाइलवर काढलेले फोटो मूळ आकारात तसेच चिकटवले, तर प्रत्येक फोटो कित्येक एमबींचा असतो, आणि असे तीन-चार फोटो एकाच वेळी सरकवणे किंवा फिरवणे जुन्या संगणकाला झेपत नाही. म्हणून मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीतील एखादे चित्र निवडावे आणि ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये १५० पीपीआय (एका इंचात १५० ठिपके, म्हणजे चित्राची स्पष्टता) हा पर्याय घ्यावा, प्रोजेक्टरसाठी तेवढी स्पष्टता पुरते. फक्त निवडलेल्या चित्रापुरता बदल करण्याची खूण तेथे आधीपासूनच असते, ती काढण्यास विसरू नये. एवढे करूनही चित्रे धक्के खात असतील, तर शाळेच्या संगणकावर ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात जाऊन स्लाइड शोसाठीचे हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (चित्रे रेखाटण्याचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवणारी सोय) बंद करून पाहावे. हे सेटिंग त्या संगणकापुरतेच असते, फाइलबरोबर प्रवास करत नाही.

प्रश्न : माझ्या स्लाइडवरील चार मुद्दे एकेका क्लिकने यायला हवेत; पण सभेत बोलत असताना ते आपोआप येत गेले आणि पुढची स्लाइडही उघडली. असे का झाले असावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही बहुधा ‘रिहर्स टायमिंग्ज’ वापरून सराव केला आणि शेवटी वेळा साठवण्यास होकार दिला. मग प्रत्यक्ष सादरीकरणातही सरावाचीच गती पाळली जाते. ‘स्लाइड शो’ टॅबमधील ‘यूज टायमिंग्ज’ची खूण काढली, की सूत्रे पुन्हा तुमच्या क्लिककडे येतील. तरीही मुद्दे आपोआप येत असतील, तर ‘ॲनिमेशन पेन’ (स्लाइडवरील हालचालींची यादी दाखवणारी बाजूची चौकट) उघडून पाहावे. ज्या ओळीपुढे माउसचे चिन्ह आहे ती क्लिकची वाट पाहते, घड्याळाचे चिन्ह असलेली आधीच्या हालचालीनंतर आपोआप सुरू होते, आणि कोणतेच चिन्ह नसलेली आधीच्या हालचालीबरोबरच धावते. चारही ओळी एकत्र निवडून ‘ऑन क्लिक’ करावे आणि शिफ्ट व एफ५ एकत्र दाबून तेवढीच स्लाइड तपासून घ्यावी.