बीएस्सी जिऑलॉजी घेतलंयस? मग हे वाच

पहिल्या वर्षी खनिजं ओळखायला शिक, बाकीचं मागून येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग दोरीने गळ्यात अडकव आणि ते डोळ्याला चिकटवून दगड जवळ आण. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पांढरा खडा दिसला की चाकूने ओरखडा काढ. क्वार्ट्‌झवर उमटत नाही, कॅल्साइटवर उमटतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसतं, त्याच्या शेजारचं झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारं खनिज) सहसा गप्प राहतं.

पुण्या-मुंबईकडच्या मुलांची एक अडचण असते: घराबाहेर जिकडे तिकडे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्हाचे थर सुंदरच आहेत. घाटात दोन थरांमधला लाल पट्टा नक्की बघ, अनेक ठिकाणी ती दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झिजलेल्या खडकाची माती असते. पण हे थर जवळपास आडवे, त्यामुळे घड्या आणि डिप-स्ट्राइक (थराचा उतार किती आणि तो कोणत्या दिशेने पसरलाय ते) त्यात नीट शिकता येत नाहीत. त्यासाठी सहलीत भंडारा-नागपूरकडचे रूपांतरित खडक किंवा चंद्रपूरचे गोंडवाना थर (कोळसा असलेले जुने गाळाचे खडक) असतील तर ती सहल चुकवू नकोस.

फील्डची वही तिथेच, पेन्सिलीने लिही. रात्री हॉटेलवर आठवून लिहिलेलं बरंचसं कल्पित असतं.

नोकरीचं म्हणशील तर यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेला एमएस्सी लागते. तेव्हा तिसऱ्या वर्षी जॅमच्या (आयआयटी वगैरेंच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेच्या) जिऑलॉजी पेपरकडे बघ. आणि गणित सोडू नकोस बाबा, भूजल आणि भूभौतिकी दोन्हीकडे ते लागतं.