दुवे मोजण्याआधी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

संगणकशास्त्राचे मार्गदर्शक वेबवरील दुव्यांच्या तुझ्या विषयाला समाजशास्त्र म्हणतात आणि समाजशास्त्राचे मार्गदर्शक तो तंत्रज्ञानाचा म्हणून परत पाठवतात, तेव्हा कोणाची बाजू धरावी, असे तू विचारतेस. कोणाचीच नको. वेबचा अभ्यास करायचा तर एवढेच पाळ: दुवा, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी लिंक, कोणी दिला आणि का दिला, हे विचारल्याशिवाय दुवे मोजू नकोस.

संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी २००० साली वेबवरच्या सुमारे २० कोटी पानांचा आलेख, म्हणजे पाने आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्यांचे जाळे, तपासला. कोणतीही दोन पाने घेतली, तर चारांपैकी तीन वेळा दुव्यांवरून पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत वाटच सापडत नव्हती. गणिताने हे चोख दाखवले. पण कित्येक कंपन्या आपल्या संकेतस्थळावरून बाहेर एकही दुवा का देत नाहीत, याचे उत्तर त्या आलेखात कुठून असणार? ते धंद्याच्या हिशेबात आहे. पानाकडे येणाऱ्या दुव्यांवरून त्याचे महत्त्व ठरवणाऱ्या गूगलच्या पेजरँक या पद्धतीचेही तेच. १९९८ साली त्याने दुव्याला शिफारस मानले, शिफारशीला भाव आला आणि दुवे विकले जाऊ लागले. शेवटी २००५ मध्ये ‘हा दुवा शिफारस समजू नये’ असे सांगणारी ‘नोफॉलो’ ही खूण आणावी लागली. मोजपट्टीनेच मोजायची वस्तू बदलली, आणि तू अजून विचारतेस की हा विषय कोणत्या विभागाचा!

२००६ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि वेंडी हॉल, नायजेल शॅडबोल्ट प्रभृती संगणकशास्त्रज्ञांनी वेबच्या स्वतंत्र विज्ञानाची मागणी केली, तेव्हा माझ्या भोवतालचे लोक हसले होते. पुढे एका परीक्षकांनी मला प्रबंधाचे दोन तुकडे करायला सांगितले. मी ते केले नाहीत. पदोन्नती लांबली आणि ती खंत अजून जात नाही, पण कोणता परिच्छेद कोणत्या तुकड्यात टाकायचा होता, हे त्यांनाही सांगता आले नव्हते.

तुझ्या आराखड्यात मात्र आलेखाची भली मोठी प्रकरणे आहेत आणि शेवटी ‘सामाजिक परिणाम’ नावाचे शेपूट. हे चालणार नाही. तुझ्या संचातले शंभरेक दुवे निवड, प्रत्येक पान स्वतः उघड आणि दुवा मजकुरात आहे की पानाच्या तळाशी, तो माणसाने लिहिला की साच्यातून आपोआप आला, हे टिपून ठेव. तळाचा एकच दुवा हजारो पानांवर उमटतो; तुझा प्रोग्राम त्याला हजारो निर्णय समजतो, प्रत्यक्षात निर्णय एकाच माणसाचा असतो. हे टिपण झाले की मगच नवा आराखडा पाठव, आणि त्यात ते शेपूट नसावे.

कळावे.