साथरोगांवर संशोधन केले, तर माझ्या हातून गणित सुटेल का?

सोलापुरातील एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी वडिलांसोबत भेटायला आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). साथरोगांच्या गणिती प्रतिमानांवर, म्हणजे साथीचा प्रसार समीकरणांत मांडणाऱ्या मॉडेल्सवर, पीएच.डी. करावी, असे तिला मनापासून वाटत होते. परंतु आधीच्या तुकडीतल्या मुलांनी ‘गणितवाले तुला आपली मानणार नाहीत आणि जीवशास्त्रवाले दारात उभे करणार नाहीत’ असे सांगून तिला धास्तावून सोडले होते. यंत्रमागावर आयुष्य काढलेले वडील एवढेच म्हणाले, “मॅडम, तेल गेलं, तूप गेलं, असं व्हायला नको.” ही भीती गणिताच्या अनेक हुशार मुलांना असते आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

मी तिची वही मागितली. निरोगी, बाधित आणि बरे झालेले अशा तीन गटांची, बदलाचा वेग सांगणारी डिफरन्शियल समीकरणे मांडून तिने समतोल बिंदूंची स्थिरता (गटांची संख्या जिथे बदलायची थांबते, ती अवस्था टिकते का) नेमकी तपासली होती. पण संसर्गदराची, म्हणजे रोग किती वेगाने पसरतो त्या आकड्याची, किंमत कुठून आणणार, असे विचारताच ती अडली. तेव्हा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा शोधनिबंध आम्ही उघडला. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, मॅकेंड्रिक भारतात वैद्यकीय सेवा केलेले डॉक्टर, आणि त्यांनी आपले सूत्र ताडून पाहिले ते १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगच्या मृत्युसंख्येशी. त्यांच्या सूत्रातून निघालेला हायपरबोलिक सेकंट या फलाच्या वर्गाचा तो घंटेसारखा वक्र निरखून तिनेच सांगितले, की घातांकी (एक्स्पोनेन्शियल) पदाचा विस्तार दुसऱ्या घातापर्यंतच घेऊन पुढचा सोडून दिला म्हणून हे उत्तर सुटसुटीत निघाले. साथ फार मोठी असेल, तर ते चालणार नाही. ही पारख गणितज्ञाचीच आहे आणि ती तिच्याकडे आहे, हे मी वडिलांसमोर मुद्दाम सांगितले.

वाटाही आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गणिती विज्ञानांतील आंतरविद्याशाखीय पीएच.डी. आहे, चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत संगणकीय जीवशास्त्रावर काम चालते, आणि मान्सूनच्या प्रतिमानांची ओढ असणाऱ्याला पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था जवळच आहे. मात्र प्रवेश घेण्याआधी पदवी कोणत्या विषयात मिळणार आणि एक मार्गदर्शक गणिताचा असणार का, हे लेखी विचारून घ्यावे, कारण पुढे प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत विषय पाहिला जातो. म्हणूनच सीएसआयआर-नेट ही संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा गणितातूनच द्यावी, असा माझा आग्रह होता. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. हे ऐकून वडिलांनी पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली आणि वसतिगृहाविषयी विचारले.

सध्या ती नेटच्या अभ्यासाबरोबर पायथॉन ही संगणकाची प्रोग्रामिंग भाषा शिकते आहे. दोन प्राध्यापकांना तिने पत्रेही लिहिली आहेत, आणि त्यांत ‘मला आपल्या विषयात रस आहे’ एवढ्यावर न थांबता त्यांच्याच शोधनिबंधातील एका गृहीतकाविषयी प्रश्न विचारला आहे.